अकरावीला मानसशास्त्र : ऐकीव काय, खरे काय

दहावीचा निकाल लागला की कुपवाडच्या घराघरांत हिशेब सुरू होतो. सायन्सला सांगलीत कुठे लागेल, नाही लागले तर मिरजेत कुठे, आणि तेही नाही तर कॉमर्स. या हिशेबात एखाद्या मुलीने मानसशास्त्राचे नाव काढले, तर समोरून प्रश्न येतो, ‘वेड्यांची डॉक्टर होणार का?’

या एका प्रश्नात दोन गैरसमज आहेत. लोक ज्याला डोक्याचा डॉक्टर म्हणतात, तो मनोविकारतज्ज्ञ आधी एमबीबीएस होतो आणि मग त्या विषयात एमडी करतो. मिरजेचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय 1962 पासून कुपवाडच्या शेजारीच आहे. पण तिथे एमबीबीएसला जायचे तर बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि त्यावर नीट, याला पर्याय नाही. मानसशास्त्राची वाट वेगळी आहे. बी.ए., मग एम.ए., त्यानंतर विशेष प्रशिक्षण. या वाटेने गेलेला माणूस चाचण्या घेतो, बोलून उपचार करतो. औषधाची चिठ्ठी तो लिहीत नाही. दोघांची गरज आहे आणि दोघे एकमेकांकडे रुग्ण पाठवतात. मुलीला औषधे देणारी डॉक्टर व्हायचे असेल, तर अकरावीला मानसशास्त्र घेऊन ते होणार नाही. हे प्रवेशाआधी स्पष्ट बोलून घेतलेले बरे.

दुसरा गैरसमज असा, की हा सगळा विषय आजारी मनाचा आहे. बालभारतीच्या बारावीच्या पुस्तकात मानसिक विकृतींवर प्रकरण आहे, पण ते एक. बाकी बुद्धिमत्ता, व्यक्तिमत्त्व, भावना, विचार करण्याच्या आणि लक्षात ठेवण्याच्या प्रक्रिया, मानसिक स्वास्थ्य. म्हणजे तुमच्याआमच्यासारख्या माणसांचे रोजचे वागणे.

मग ‘आता हिला आपल्या मनातले कळणार’ अशी चेष्टा सुरू होते. चेहरा पाहून मन वाचणे या अभ्यासक्रमात कुठेच नाही. या विषयाचा जन्म प्रयोगशाळेत झाला. विल्हेल्म वुंट यांनी 1879 मध्ये जर्मनीतल्या लाइपझिगला ती उभी केली आणि शास्त्र म्हणून मानसशास्त्राचा इतिहास तिथून मोजतात. सुरुवातीला करून पाहण्यासारखा एक साधा प्रयोग सांगतो. कागदावर सारख्याच लांबीच्या दोन रेघा काढा. एकीच्या टोकांना आत वळलेले बाण, दुसरीच्या टोकांना बाहेर फाकलेले. दुसरी रेघ लांब दिसते. पट्टीने मोजा, दोन्ही सारख्याच भरतात. आणि मोजून झाल्यावरही दुसरीच लांब दिसत राहते. विद्यार्थी हा प्रयोग आई, भाऊ, मित्र अशा कितीतरी जणांवर करतो, प्रत्येकाची चूक मिलिमीटरमध्ये लिहितो, सरासरी काढतो. आपले डोळे आपल्याला फसवतात आणि ती फसवणूक मोजता येते, हे सोळाव्या वर्षी स्वतःच्या हाताने पाहणे मला फार मोलाचे वाटते.

या मोजण्याचा एक धागा आपल्या भागातून जातो, आणि तो फारसा कोणी सांगत नाही. शाळेत जादा मदतीची गरज असलेली मुले ओळखण्यासाठी आल्फ्रेड बिने यांनी 1905 मध्ये पॅरिसला बुद्धिमत्तेची पहिली चाचणी तयार केली. 1930 च्या दशकात व्ही. व्ही. कामत यांनी ती मराठी आणि कन्नड मुलांसाठी नव्याने बसवली. ही कन्नड मुले ज्या भागातली, तो तेव्हाच्या मुंबई इलाख्याचा कर्नाटकाकडचा भाग म्हणजे सांगली-मिरजेचा शेजारच. नुसते भाषांतर करून हे काम होत नाही. कोणत्या वयाच्या बहुतेक मुलांना कोणता प्रश्न सुटतो, हे इथल्या मुलांना प्रत्यक्ष विचारून ठरवावे लागते. एक प्रश्न उदाहरणादाखल : आकडे ऐकवून तसेच म्हणायला लावायचे, मग उलट्या क्रमाने. दहा वर्षांचे मूल बारा वर्षांच्या मुलांइतके प्रश्न सोडवत असेल, तर त्याचे मानसिक वय बारा; त्याला प्रत्यक्ष वयाने भागून शंभराने गुणले की बुद्ध्यांक 120. बिने-कामत चाचणी आजही वापरात आहे. तेव्हाच्या मुलांवरून ठरलेली मापे आजच्या मुलांना लावावीत का, हा वादही चालू आहे, आणि तो वाद समजणे हाच या विषयाचा खरा अभ्यास.

हे समजले असते तर दहावीनंतर बोटांच्या ठशांवरून मुलाचा कल सांगणाऱ्या चाचणीवर पालकांनी हजारो रुपये घालवले नसते. अशा चाचण्यांची जाहिरात शास्त्राच्या भाषेत होते. मानसशास्त्र कोणत्याही चाचणीला दोन प्रश्न विचारते. पुन्हा घेतली तर तोच निकाल येतो का? ती विश्वसनीयता. जे मोजते म्हणते तेच मोजते का? ती सप्रमाणता. बोटांचे ठसे आयुष्यभर बदलत नाहीत, म्हणून पहिल्या प्रश्नात ही चाचणी सहज पास होईल. दुसऱ्या प्रश्नात ती नापास होते, कारण ठशांवरून बुद्धी किंवा कल कळतो याला पुरावा नाही. या दोन प्रश्नांतला फरक ज्या मुलाला कळला, त्याला पुढे कोणीही आकडेवारी दाखवून सहजासहजी गंडवू शकणार नाही.

‘याला नोकरी कुठे आहे?’ ही शंका मात्र रास्त आहे आणि तिचे उत्तर सरळ द्यायला हवे. नुसत्या बी.ए.वर समुपदेशकाची पाटी लावू नये. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करायला भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेले शिक्षण आणि परिषदेकडे नोंदणी लागते. तिचे अभ्यासक्रम सध्या बदलत आहेत, त्यामुळे प्रवेशाच्या वर्षीची यादीच पाहावी. पण उपचार ही एकच दिशा नाही. कुपवाडच्या एमआयडीसीत ज्यांच्या घरातले कोणी नाइट शिफ्ट करते, त्यांना थकवा, डुलकी, यंत्रावरची चूक आणि सुपरवायझरशी होणारे खटके वेगळे सांगायला नकोत. औद्योगिक मानसशास्त्र नेमका हाच अभ्यास करते, आणि कारखान्यांच्या एचआर विभागात तो उपयोगी पडतो.

आणखी एक भीती असते, की अकरावीला हा विषय घेतला नाही तर पुढची दारे बंद. तसे नाही. बी.ए.ला मानसशास्त्र घ्यायला बारावीला तो विषय असण्याची अट साधारणपणे नसते. सायन्स किंवा कॉमर्स केलेली मुलेही येतात. उलट ‘गणित सुटले’ म्हणून येणाऱ्यांना पदवीच्या पुढच्या वर्षांत प्रमाण विचलन आणि सहसंबंध असे संख्याशास्त्र भेटते. बारावीला लेखी 80 आणि अंतर्गत 20 गुण असतात, म्हणून विषय सोपा समजू नये.

एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. काही मुले स्वतःच्या किंवा घरातल्या त्रासाचे उत्तर मिळेल म्हणून हा विषय घेतात. विकृतींचे प्रकरण वाचताना प्रत्येक लक्षण आपल्यातच दिसू लागते. मित्रालाही कोणता तरी आजार चिकटवून टाकला जातो. वर्ग म्हणजे उपचार नव्हे आणि पुस्तक वाचून निदान होत नाही. त्रास असेल तर मदत आजच घ्यावी. टेलिमानस ही सरकारी सेवा 14416 या क्रमांकावर मोफत मिळते, आणि मराठीतही बोलता येते.

आता प्रवेशाचे. 2025-26 पासून अकरावीचा प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाला आहे. कला शाखा आहे म्हणून तिथे मानसशास्त्र असेलच असे नाही, तेव्हा पसंतीक्रम भरण्याआधी त्या कॉलेजात विचारावे : विषय आहे का, शिक्षक कायम आहेत का, प्रात्यक्षिके खरोखर होतात का. आणि पुढे पदवीला घरबसल्या दूरस्थ पद्धतीने मानसशास्त्र करू, असा बेत असेल तर तो आता मोडीत निघाला आहे. 2025 च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून विद्यापीठ अनुदान आयोगाने या विषयाचे ऑनलाइन आणि दूरस्थ प्रवेश बंद केले आहेत. तशी जाहिरात दिसली तर फी भरू नये.