निलगिरीच्या पानातलं सोनं

जमिनीखालचं सोनं वरच्या झाडावरून ओळखता येतं का, या प्रश्नाला आज विज्ञान ‘हो’ म्हणतं. पण या होकाराचा आपल्याकडच्या गुप्तधनाच्या समजुतींशी काडीचाही संबंध नाही, आणि तो का नाही हे नीट समजून घेणं मला फार गरजेचं वाटतं. पश्चिम ऑस्ट्रेलियात कालगुर्लीजवळ १८९३ साली सोनं सापडलं आणि माणसांची रीघ लागली. तेव्हाचं सोनं जमिनीच्या वर किंवा जरा खाली होतं. तसे सोपे साठे केव्हाच उपसून झाले. जे उरले ते वाहून आलेल्या माती-वाळूच्या जाड थराखाली आहेत. वर नुसता सपाट, कोरडा माळ, खडकाचा मागमूस नाही. अशा ठिकाणी अंदाजानं भोकं पाडत सुटणं कुठल्याही कंपनीला परवडत नाही. त्या माळावर निलगिरी मात्र उभी असते, आणि पाण्यासाठी तिची मुळं कित्येक मीटर खोल उतरलेली असतात.

ऑस्ट्रेलियातल्या सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेतले मेल्विन लिंटर्न आणि त्यांचे सहकारी यांनी २०१३ साली ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये जे मांडलं, ते याच मुळांविषयी होतं. सुमारे ३० मीटर खाली सोनं असलेल्या जागेवरच्या निलगिरीच्या पानांत त्यांना सोन्याचे कण दिसले. भूजलात अत्यल्प प्रमाणात विरघळलेलं सोनं मुळं पंपासारखी पाण्याबरोबर वर ओढतात. झाडाला ते बहुधा विषारी असतं, त्यामुळे ते पानांकडे आणि सालीकडे सारलं जातं. हे कण केसाच्या जाडीच्या पाचव्या हिश्श्याएवढे. साठ्यावरची अशी ५०० झाडं एकत्र केली तरी जेमतेम एका अंगठीपुरतं सोनं निघेल, असा संशोधकांचा अंदाज होता. म्हणजे झाडातून सोनं काढणं हा इथला हेतूच नाही. खाली काय आहे याची बातमी तेवढी हवी आहे.

पानांत सोनं सापडल्याचं त्याआधीही सांगितलं गेलं होतं, पण त्यावर एक रास्त शंका होती: खाणींच्या मुलखात वाऱ्याबरोबर धूळ उडते, तीच पानावर बसली नसेल कशावरून? या अभ्यासाचं खरं मोल तिच्या उत्तरात आहे. सिंक्रोट्रॉनच्या तीव्र क्ष-किरणांखाली पान तपासलं, तेव्हा कण पृष्ठभागावर नव्हते, पानाच्या आत, पेशींमध्ये होते. शिवाय हरितगृहात सोनं मिसळलेल्या वाळूत रोपं वाढवून पाहिली, तर त्यांनीही ते शोषून घेतलं. शंका घेणारे चुकले नव्हते. त्यांच्यामुळेच पुरावा पक्का झाला.

तरीही एकट्या झाडाच्या शब्दावर विसंबता येत नाही. थोडंफार सोनं साध्या जमिनीतल्या झाडातही सापडू शकतं. म्हणून एकाच जातीच्या झाडांची, एकाच हंगामातली पानं ओळीनं गोळा करायची, आणि आकडा कुठे चढतो, कुठे उतरतो ते पाहायचं. कधी सोन्याऐवजी त्याचा सोबती बोलतो. इक्विसेटम ही नेच्याच्या गोतातली वनस्पती सोनं साठवते, असं एके काळी मानलं जाई. पुढच्या तपासण्यांत तिच्यात सोनं नगण्य आढळलं, पण आर्सेनिक मात्र भरपूर. सोन्याच्या खडकात पुष्कळदा आर्सेनिकही असतं, त्यामुळे ती वनस्पती उपयोगी ठरली, फक्त आडवळणानं.

यावर कुणी म्हणेल, आपल्या पूर्वजांना हे ठाऊकच होतं. काही अंशी ते खरंही आहे. वराहमिहिरानं सहाव्या शतकात ‘बृहत्संहिते’च्या दकार्गल प्रकरणात झाडं आणि वारुळं पाहून भूजल कुठे असेल याचे आडाखे दिले. महाभारताच्या सभापर्वात मुंग्यांनी उकरलेलं ‘पिपीलिक’ सोनं युधिष्ठिराला भेट दिल्याचा उल्लेख आहे. आणि ऑस्ट्रेलियातल्या वाळवीच्या वारुळांत खालच्या साठ्यातलं सोनं चढून आल्याचं सीएसआयआरओनं खरोखर दाखवलं आहे. वराहमिहिराच्या आडाख्यांचा मी आदर करतो, कारण विहीर खणली की त्यांची परीक्षा होते. पायाळू माणसाच्या डोळ्यांत अंजन घालून हंडा शोधण्याची अशी परीक्षा कुणी होऊ दिली नाही. हंडा सापडला नाही की विधीत खोट काढली जाते. नैसर्गिक साठा खडकात दूरवर पसरलेला असतो आणि हजारो वर्षं भूजलानं झिजत राहतो, म्हणून त्याचा अंश वर पोचतो. पुरलेल्या हंड्यातली मूठभर नाणी कुठल्याही झाडाच्या पानात ओळखण्याजोगी खूण उमटवू शकत नाहीत. या भ्रमापायी माणसांचे, लेकरांचे बळी गेले आहेत. म्हणून महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात धनाच्या शोधापायी केलेल्या अघोरी कृत्यांचा स्वतंत्र उल्लेख करावा लागला.

शिवाय झाड जे खाली आहे तेच सांगणार. महाराष्ट्राचा बहुतेक भाग बेसॉल्टचा, आणि सोन्याच्या शोधासाठी तो काही आशेचा खडक नव्हे. तशा खुणा पूर्व विदर्भातल्या त्याहून कितीतरी जुन्या खडकांत मिळतात. साठा किती खोल, किती मोठा, खणण्याजोगा आहे की नाही, हेही पान सांगत नाही. त्यासाठी शेवटी भोक पाडावंच लागतं. पण शेकडो भोकांच्या जागी मोजकी पुरली, तर पैसा वाचतो आणि त्या कोरड्या माळाची चाळणही होत नाही.