आदिलाबाद : पैनगंगेकाठची पेठ, बंदरावरचा भाव

दिवाळी आटोपली की आदिलाबादच्या कापूस बाजाराच्या आवाराबाहेर गाड्यांची रांग लागते. ट्रॅक्टर-ट्रॉल्या, छोटे ट्रक, मधूनच एखादी बैलगाडी. जैनद, बेला, तामसी, भीमपूर या मंडलांतून आलेले शेतकरी नंबर लागेपर्यंत गाडीपाशीच पथारी टाकतात. रांगेत तेलुगू, मराठी, गोंडी अशा तिन्ही भाषा कानावर पडतात. नंबर आला की कापसात ओलावा मोजायचे यंत्र खुपसतात. आठ टक्क्यांच्या आत असेल तर पूर्ण हमीभाव, बारापर्यंत कपात, त्यापुढे भारतीय कापूस महामंडळ, म्हणजे सगळ्यांच्या तोंडचे ‘सीसीआय’, माल घेत नाही. मग व्यापारी देईल तो भाव.

तो व्यापाऱ्याचा भाव ठरतो कुठे? आदिलाबादहून रेल्वेने मुंबई सुमारे आठशे किलोमीटर. बंगालचा उपसागरही काही जवळ नाही आणि तेलंगणाला तर समुद्रकिनाराच नाही. तरीही या आवारातल्या ढिगाची किंमत बंदरावर किती गाठी चढल्या आणि किती उतरल्या यावर हलते. हे आजचे नाही, दीडशे वर्षांहून जुने आहे.

आदिलाबाद जिल्ह्याच्या उत्तरेची पैनगंगा ही महाराष्ट्राची सीमा. तिचे पाणी वर्धेला मिळते, वर्धा वैनगंगेला मिळून प्राणहिता होते, आणि प्राणहिता कालेश्वरला गोदावरीत उतरते. म्हणजे या मातीतले पाणी पूर्वेच्या समुद्राला जाते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर इंग्रज अभियंत्यांना वाटले की कापूसही त्याच वाटेने जावा. धवळेश्वरमचा बंधारा बांधणारे आर्थर कॉटन या कल्पनेचे मोठे पुरस्कर्ते. लेफ्टनंट हेग यांनी १८५६मध्ये गोदावरीच्या जलवाहतुकीवर अहवाल दिला. हिंगणघाटचा ‘बनी’ जातीचा आणि वऱ्हाडचा कापूस नावांत भरायचा, वर्धा-प्राणहिता-गोदावरीने खाली न्यायचा, त्रिभुज प्रदेशातल्या कालव्यांतून काकिनाड्याच्या बंदरावर जहाजात चढवायचा, अशी ती योजना. १८६०च्या तहात निजामाने डाव्या तीरावरचा सिरोंचाचा मुलूख इंग्रजांना दिला आणि गोदावरीवरच्या मालाची जकातही सोडली. प्राणहितेच्या उजव्या बाजूचा मुलूख निजामाकडेच राहिला. आसिफाबाद, चेन्नूर, लक्षेट्टीपेट हा पुढे आदिलाबाद जिल्ह्यात आलेला आणि २०१६च्या विभाजनात वेगळा झालेला भाग तोच.

अडचण होती खडकांची. नदीच्या वाटेत तीन ठिकाणी पात्र खडकाळ होते. पहिला अडथळा दुम्मुगुडेमला, दुसरा इंचमपल्लीला, तिसरा प्राणहितेवर देवलमरीला. दुम्मुगुडेमला बंधारा, कालवा आणि नावा चढवण्या-उतरवण्याचे दरवाजे बांधले गेले. वरच्या दोन ठिकाणी काम रेंगाळले. दाट जंगल, हिवताप, मजुरांची वानवा, आणि पावसाळ्यानंतर खालावणारे पाणी. १८७१मध्ये योजना गुंडाळली. दुम्मुगुडेमचा बंधारा आजही उभा आहे.

पण केवळ खडकांनी ती योजना बुडवली असे मला वाटत नाही. तिला हरवले ते पश्चिमेच्या बंदराने. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतल्या यादवीमुळे मँचेस्टरच्या गिरण्यांचा कापूस बंद झाला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचे मोल आले. ग्रेट इंडियन पेनिन्सुला (जीआयपी) रेल्वे वऱ्हाड ओलांडून १८६७मध्ये नागपूरला पोहोचली. दोनच वर्षांनी सुएझचा कालवा खुला झाला आणि मुंबई-लंडन सागरी अंतर जवळजवळ चाळीस टक्क्यांनी घटले. नदीतल्या नावेला वर्षातले काही महिनेच पाणी मिळणार होते. आगगाडी बारमाही होती. मुंबईत १८७३ला पोर्ट ट्रस्ट, १८७५ला ससून डॉक, १८८०ला प्रिन्सेस डॉक अशी उभारणी होत गेली आणि मध्य भारताच्या काळ्या मातीतला कापूस कायमचा पश्चिमेकडे वळला.

आदिलाबादला ती वाट उशिरा मिळाली. निजामाच्या मुलखातून मनमाडला जाणारी मीटरगेज १९०१पर्यंत पुरी झाली. मुदखेडहून भोकर, हिमायतनगर, किनवट असा फाटा निघून आदिलाबादला आला तो १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला. तरीही मनमाडला रुळांची रुंदी बदलायची. हमाल गाठी एका डब्यातून उतरवून दुसऱ्या डब्यात भरत. वेळ, नासधूस आणि हमाली या तिन्हींचा भार शेवटी शेतकऱ्याच्या भावातून वजा होई. मनमाडकडचा मार्ग १९९०च्या दशकात रुंद झाला, मुदखेड-आदिलाबाद त्यानंतर. आज नंदीग्राम एक्स्प्रेस आदिलाबाद आणि किनवटच्या माणसांना थेट मुंबईला नेते. हैदराबादला मात्र अजून सरळ रेल्वे नाही. गाडी मुदखेडला वळसा घालून जाते. आर्मूर-निर्मलमार्गे लोहमार्गाची मागणी इथे पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे आणि ती रास्त आहे.

मालाचा मोठा भार आता रस्त्यावर. पाटणबोरीकडून पैनगंगा ओलांडून येणारा राष्ट्रीय महामार्ग ४४ आदिलाबादवरून हैदराबादला जातो. जिनिंगमध्ये सरकी निघते, रुई दाबून १७० किलोची गाठ बांधली जाते. एका गाठीला साधारण पाच क्विंटल कापूस लागतो. चाळीस फुटी कंटेनरमध्ये दीडशेच्या आसपास गाठी मावतात. कोरडवाहूत एकरी सात-आठ क्विंटल उतारा धरला तर एका कंटेनरमध्ये शंभर एकरांचे पीक बसते. गाठींचा मोठा वाटा दक्षिणेतल्या सूतगिरण्यांकडे जातो. परदेशी जाणाऱ्या मालाला बंदर हवे.

बंदर म्हणजे फक्त धक्का आणि क्रेन नव्हे. न्हावाशेवाचे जवाहरलाल नेहरू बंदर २६ मे १९८९ला सुरू झाले. आता ते वर्षाला वीस फुटी मापाने ७० लाखांहून अधिक कंटेनर हाताळते. एवढा पसारा उरणच्या किनाऱ्यावर मावणार नाही, म्हणून बंदराचे हात देशाच्या पोटात पसरलेले असतात. नागपूर आणि हैदराबादला कोरडी बंदरे आहेत. तिथेच सीमाशुल्काची तपासणी होते, कंटेनरला सील लागते आणि तो रेल्वेने थेट धक्क्याकडे निघतो. आदिलाबाद या दोन्हींच्या मध्ये आहे. नागपूर दोनशे किलोमीटर, हैदराबाद तीनशे.

इथे एक गोष्ट कळीची आहे आणि ती बंदरांच्या चर्चेत फार कमी येते. कंटेनर भरून न्यायचा तर आधी तो रिकामा यावा लागतो. जिथे आयातीचा माल उतरतो तिथे रिकामे कंटेनर मुबलक असतात. आदिलाबादकडे परदेशातून येणारे काहीच नसते, म्हणून रिकाम्या डब्याचे भाडेही इथल्या मालावर बसते. कारखाना असता, कापसाचे सूत आणि कापड इथेच झाले असते, तर हेच भाडे महागड्या मालावर विभागले गेले असते. कच्चा माल पाठवणाऱ्या गावाला बंदर नेहमीच महाग पडते.

आणि बंदराचे दार दोन्हीकडे उघडते. २०११-१२च्या हंगामात भारताने सुमारे १३० लाख गाठी निर्यात केल्या होत्या. २०२४-२५मध्ये आयात निर्यातीच्या दुपटीहून अधिक झाली. उत्पादन घटले, बोंडअळीने छळले, आणि परदेशी गाठ गिरणीला स्वस्त पडू लागली. तिला अडवणारे ११ टक्के आयात शुल्क फेब्रुवारी २०२१च्या अर्थसंकल्पात लावले होते. १९ ऑगस्ट २०२५ला केंद्राने ते माफ केले, आधी ३० सप्टेंबरपर्यंत, मग ३१ डिसेंबरपर्यंत. अमेरिकेने भारतीय कापडावर जबर कर लावला होता, गिरण्यांना दिलासा हवा होता, हे कारण खोटे नाही. तिरुपूर-कोइम्बतूरच्या कामगाराचीही चूल आहे. पण ३१ डिसेंबरपर्यंतची मुदत म्हणजे आदिलाबादच्या बाजाराचे ऐन भराचे तीन महिने. लांब धाग्याला ८,११० रुपये हमीभाव जाहीर होता, आणि तो देणारा एकटा सीसीआय. म्हणून रांगा लांबल्या आणि ओलाव्याचा एकेक टक्का जड झाला.

वाढवणला ७६ हजार कोटींचे नवे बंदर होते आहे. देशाला त्याची गरज आहे, याबद्दल मला शंका नाही. पण शुल्क माफ झाले त्या १९ ऑगस्टला आदिलाबादच्या रानात कपाशीला पात्या लागल्या होत्या. बियाणे, खत, निंदण, पहिल्या फवारण्या असा सगळा खर्च होऊन गेला होता. कापसाऐवजी तूर लावायची की सोयाबीन, हा विचार शेतकरी मे महिन्यात करतो. बंदरावरच्या शुल्काचा वर्षाचा निर्णयही मेमध्येच, पेरणीआधी जाहीर व्हायला हवा.