वयाचा आकडा आणि हाताची तयारी

'कपहेड' नावाचा व्हिडिओ गेम २०१७ साली आला. कॅनडातल्या स्टुडिओ एमडीएचआर या छोट्या संस्थेने तो तयार केला. त्यातली चित्रे १९३० च्या दशकातल्या अमेरिकन कार्टूनपटांसारखी, हाताने काढलेली. नायकाच्या डोक्याच्या जागी चक्क एक कप. युरोपीय वर्गीकरणात त्याला '७' हा आकडा मिळाला. आकडा आणि चित्रे पाहून कुणी तो सात वर्षांच्या मुलासाठी घेतला, तर ते मूल पहिल्याच मोठ्या लढतीत पुन्हा पुन्हा हरेल आणि बहुधा रडकुंडीला येईल. कारण अलीकडच्या अवघड खेळांत त्याचे नाव हटकून घेतले जाते. उलट 'ग्रँड थेफ्ट ऑटो ५' (२०१३) या खेळावर '१८' छापलेले असते. पण त्यातली मोटार पळवायला दहा वर्षांच्या मुलाला फार वेळ शिकावे लागत नाही.

यातला कोणताही आकडा चुकलेला नाही. चुकतो तो आपण त्याला विचारलेला प्रश्न. वेष्टनावरचा आकडा खेळात काय दिसते आणि काय ऐकू येते याबद्दल बोलतो. तो खेळ झेपेल का, हे त्याला ठाऊक नसते. घराघरांत मात्र खेळाची निवड याच एका आकड्यावर होते, किंवा तोही न पाहता होते. म्हणून या दोन गोष्टी, वय आणि कौशल्य, वेगळ्या करून पाहायला हव्यात.

आकडा आला कुठून

१९९२ साली 'मॉर्टल कॉम्बॅट' हा मारामारीचा खेळ आला. त्यात खऱ्या माणसांची छायाचित्रे वापरली होती आणि रक्त उडत होते. पुढच्या वर्षी तो घरच्या यंत्रांवर पोचला आणि अमेरिकेत गहजब झाला. डिसेंबर १९९३ मध्ये जोसेफ लिबरमन आणि हर्ब कोल या सिनेटरांच्या पुढाकाराने सिनेटमध्ये सुनावणी झाली. सरकारने नियम लादण्याआधी आपणच लावून घेतलेले बरे, असा विचार करून उद्योगाने १९९४ मध्ये 'ईएसआरबी' हे मंडळ उभे केले. जपानमध्ये २००२ साली 'सेरो' आणि युरोपात २००३ साली 'पेगी' आले. पेगीचे आकडे पाच आहेत : ३, ७, १२, १६ आणि १८.

जन्म भीतीपोटी झाला, म्हणून मोजमापही भीतीचेच राहिले. हिंसा किती, रक्त किती, शिव्या, लैंगिकता, जुगार, अमली पदार्थ आहेत का, एवढेच तपासले जाते. पेगी स्वतःच स्पष्ट करते की '३' चा खेळ लहानग्यांना अतिशय अवघड जाऊ शकतो आणि '१८' चा खेळ खेळायला अगदी सोपा असू शकतो. ही ओळ वाचण्याचे कष्ट फारसे कुणी घेत नाही.

आपल्याकडे चित्रपटांसाठी सेन्सॉर मंडळ आहे. त्याने 'यूए'चे ७+, १३+ आणि १६+ असे भागही पाडले. व्हिडिओ गेम त्याच्या कक्षेत येत नाहीत. २०२५ चा ऑनलाइन गेमिंगचा कायदा पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या खेळांवर बंदी घालतो; नऊ वर्षांच्या मुलीला कोणता खेळ द्यावा, हे तो घरी येऊन सांगणार नाही. मोबाइलवरच्या प्ले स्टोअरमध्ये आपल्याला ३+, ७+, १२+ असे आकडे दिसतात, ते 'आयएआरसी' या आंतरराष्ट्रीय व्यवस्थेतून येतात. खेळ तयार करणारा एक प्रश्नावली भरतो आणि उत्तरांवरून आकडा आपोआप निघतो. तो उपयोगाचा आहे, पण त्याला गुरुजींची सही समजू नये.

अवघडपणा कशाचा बनतो

१९७८ च्या 'स्पेस इन्व्हेडर्स'मध्ये वरून उतरणारे परग्रहवासी जसजसे मरतात तसतसा उरलेल्यांचा वेग वाढतो. कर्ते तोमोहिरो निशिकादो यांनी हे आधी ठरवले नव्हते. पडद्यावरची चित्रे कमी झाली की तेव्हाच्या यंत्रावरचा भार हलका होई आणि उरलेली चित्रे भराभर हलत. परिणाम चांगला वाटला, म्हणून त्यांनी तो ठेवला. चढत जाणाऱ्या अवघडपणाचा एक नमुना असा यंत्राच्या दुबळेपणातून मिळाला. दुसरे कारण व्यापारी होते. पार्लरमधल्या यंत्रात नाणे टाकून खेळायचे, तेव्हा डाव लवकर संपण्यातच मालकाचा फायदा. तीच सवय घरच्या खेळांतही उतरली. आपल्याकडे नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडायच्या स्वस्त यंत्रांवर मुले 'कॉन्ट्रा' खेळत. त्यात तीन जीव मिळत. वर-वर, खाली-खाली, डावे-उजवे, डावे-उजवे, बी, ए अशी बटणे दाबली की तिसाचे वरदान मिळे. ही युक्ती मुळात काझुहिसा हाशिमोतो यांनी १९८६ च्या 'ग्रेडियस'मध्ये ठेवली होती, कारण तपासणीसाठी खेळताना तो त्यांनाच झेपेना. कर्त्यालाच न झेपणारा खेळ मुलांच्या हाती जात होता.

आता 'अवघड' हा एक शब्द मोडून पाहू. पहिली गोष्ट बोटांची : दोन अंगठ्यांनी एकाच वेळी चालायचे आणि नजर फिरवायची, हे त्रिमितीय खेळांत लागते आणि नवख्या माणसाला, मग तो सातचा असो वा सत्तरचा, तेच सर्वांत जड जाते. दुसरी वेगाची : दिसल्यापासून बटण दाबेपर्यंत खेळ किती वेळ देतो. तिसरी लक्षात ठेवण्याची. चौथी वाचनाची. बहुतेक मोठे खेळ मराठीत नाहीत. मराठी माध्यमातल्या तिसरीच्या मुलाची बोटे चपळ असतात, पण 'पुढे काय करायचे' हे इंग्रजीत लिहिलेले असते. मग तो अडतो आणि आपण म्हणतो की याला जमत नाही. अशा वेळी चित्रांतून गोष्ट सांगणारा किंवा ओळखीच्या कथेवरचा खेळ बरा. पुण्यात तयार झालेल्या 'राजी' (२०२०) मध्ये दुर्गा आणि विष्णू भेटतात. त्यांची ओळख नव्याने करून द्यावी लागत नाही. पाचवी गोष्ट हरण्याची : हरल्यावर खेळ किती मागे नेतो? दहा सेकंद की अर्धा तास? लहान मुलांच्या बाबतीत माझ्या मते हीच कसोटी पहिली लावावी.

मिहाय चिक्सेंटमिहाय या मानसशास्त्रज्ञाने बुद्धिबळपटू, गिर्यारोहक, नर्तक, शल्यचिकित्सक यांच्याशी बोलून १९७५ साली एक सिद्धान्त मांडला. आव्हान कौशल्यापेक्षा फार मोठे झाले की धास्ती वाटते, फार लहान झाले की कंटाळा येतो. दोन्ही जुळले की माणूस कामात बुडून जातो. तबल्याचे गुरुजी पहिल्या दिवशी द्रुत लयीत कायदा वाजवायला लावत नाहीत, यामागचे शहाणपण हेच आहे. हाताची तयारी पाहून लय वाढवायची.

लिंबूटिंबूची सोय

या प्रश्नावर अंगणातल्या खेळांनी फार पूर्वी तोड काढली होती. धाकट्या भावंडाला खेळात घ्यायचे, पण लिंबूटिंबू म्हणून. तो पळतो, लपतो, ओरडतो. फक्त त्याच्यावर राज्य येत नाही. खेळ तोच, गडी तेच, नियम एकापुरता सैल.

व्हिडिओ गेमना हे शिकायला वेळ लागला. १९९२ च्या 'वुल्फेनस्टाइन ३डी'मध्ये सर्वांत सोपी पातळी निवडली की नायकाच्या डोक्यावर बाळाचे टोपरे दिसे. सोय दिली, पण खिजवून. 'कपहेड'मध्येही सोपा प्रकार आहे; मात्र तो वापरून शेवटच्या लढतीपर्यंत जाता येत नाही. याउलट २०१८ चा 'सेलेस्ट' पाहा. डोंगर चढणाऱ्या मुलीचा हा खेळही अतिशय कठीण आहे, पण त्यात साहाय्याची वेगळी यादी आहे. खेळाचा वेग निम्म्यापर्यंत उतरवता येतो, दमणे बंद करता येते, हवे तर मरणेही. ही यादी वापरणाऱ्याला शेवट नाकारला जात नाही. २००९ च्या 'न्यू सुपर मारिओ ब्रदर्स वी'मध्ये एकाच टप्प्यावर आठ जीव गेले की एक हिरवा ठोकळा येतो. तो फोडला की लुइजी तो टप्पा खेळून दाखवतो आणि मध्येच कधीही सूत्रे आपण घेऊ शकतो. 'मारिओ कार्ट'मध्ये मागे पडलेल्याला जास्त प्रभावी वस्तू मिळतात, आणि २०१७ च्या आवृत्तीत गाडी रस्त्याबाहेर जाऊ न देण्याची सोय आहे. आजी, नातू आणि कॉलेजातली आत्या एकाच पडद्यावर खेळणार असतील तर हेच लागते.

अडवणुकीचा धंदा

अवघडपणाचा एक प्रकार मात्र कौशल्याशी संबंधित नाही. 'कँडी क्रश सागा' (२०१२) फुकट मिळतो आणि त्यात भीतीदायक काही नाही. जीव पाच, ते संपले की एकेक भरून यायला अर्धा तास थांबायचे, नाहीतर पैसे मोजायचे. अशा खेळांत अवघडपणा शिकवण्यासाठी नसतो, तो विकण्यासाठी असतो. मूल अडते तेव्हा त्याला सरावाची वाट न दाखवता दुकानाची दाखवली जाते. ईएसआरबीने २०१८ पासून 'खेळात खरेदी आहे' आणि २०२० पासून 'काय मिळेल ते नशिबावर' अशा सूचना सुरू केल्या; पेगीनेही तसेच केले. मोबाइलवरचा खेळ निवडताना वयाच्या आकड्याइतकीच ही बारीक ओळ महत्त्वाची आहे.

निवडताना

क्रम साधा ठेवावा. आधी आकडा पाहावा आणि त्याच्याखाली दिलेले कारणही वाचावे. '१२' हे हिंसेमुळे आहे की भाषेमुळे, यावर घरचा निर्णय बदलू शकतो. मग खरेदीची सूचना, आणि अनोळखी माणसांशी बोलण्याची सोय आहे का ते. हे झाले वयाचे. नंतर कौशल्याचे पाच प्रश्न : बोटे, वेग, स्मरण, वाचन, हरणे. यूट्यूबवर दुसऱ्याने खेळलेला तोच खेळ दहा मिनिटे पाहिला तरी बहुतेक उत्तरे मिळतात. शेवटी खेळाच्या सेटिंगमध्ये पातळी, अक्षरांचा आकार, वेग बदलता येतो का ते पाहावे, आणि पहिले अर्धा तास खेळणाऱ्याच्या शेजारी बसावे. वारंवार हरूनही 'अजून एकदा' म्हणत असेल तर खेळ योग्य आहे. गप्प झाला असेल तर पातळी उतरवावी, आणि ते त्याला कमीपणा न देता करावे.

हे प्रौढांनाही लागू आहे. जपानच्या हामाको मोरी यांचा जन्म १९३० चा; २०२० साली, नव्वदाव्या वर्षी, जगातल्या सर्वांत वयोवृद्ध गेमिंग यूट्यूबर म्हणून गिनेस बुकात त्यांची नोंद झाली. त्या पन्नाशी ओलांडल्यानंतर खेळू लागल्या होत्या. वेष्टनावरचा कोणताही आकडा त्यांना अडवत नव्हता; प्रश्न फक्त हाताच्या तयारीचा होता, आणि ती त्यांनी केली.

चुकीच्या निवडीने पैसे वाया जातात, ते परवडते. पण सात वर्षांचे मूल 'मला काहीच येत नाही' असे मनाशी धरते, किंवा आजोबा 'आमचे वय गेले' म्हणून उठून जातात, तेव्हा खेळाची उणीव माणसाच्या खात्यावर मांडली जाते. ती तिथे मांडू नये, एवढ्यासाठी हा सगळा हिशेब.