लाल पेशीतला संदेश: सिकलसेलविषयीचे चार गैरसमज

जव्हार, मोखाडा, विक्रमगड, डहाणूच्या पाड्यांना सिकलसेल हे नाव नवे नाही. हा आजार नीट समजायचा तर एम-आरएनएकडे पाहावे लागते. हिमोग्लोबिनची कृती डीएनएत असते. तिची कामापुरती नक्कल म्हणजे एम-आरएनए, म्हणजेच प्रथिन बनवण्याचा संदेश. ही नक्कल किती काळ ठेवायची, कधी मोडायची, हे पेशी ठरवते.

गैरसमज १ : तारापूरच्या अणुभट्टीमुळे सिकलसेल होतो.
वस्तुस्थिती : हा आजार आई-वडिलांकडून येतो. भारतात त्याची पहिली नोंद १९५२ साली निलगिरीतील आदिवासींमध्ये झाली. तारापूरचे केंद्र सुरू झाले १९६९ साली.

गैरसमज २ : केंद्रक गेले की पेशीत प्रथिन बनत नाही.
वस्तुस्थिती : कोवळी लाल पेशी केंद्रक बाहेर टाकते, तरी पुढचे एक-दोन दिवस हिमोग्लोबिन बनवत राहते. याचे कारण ग्लोबिनच्या, म्हणजे हिमोग्लोबिनमधल्या प्रथिनाच्या, एम-आरएनएचा चिवटपणा. त्याच्या शेपटाकडील भागाला विशिष्ट प्रथिने चिकटतात आणि त्याला मोडू देत नाहीत. इतर काही संदेश मात्र अर्ध्या तासातच संपतात, कारण ते जास्त टिकले तर पेशी बेसुमार वाढू शकते.

गैरसमज ३ : चुकीचा संदेश पेशी नेहमीच नष्ट करते.
वस्तुस्थिती : सिकलसेलमध्ये बीटा-ग्लोबिन जनुकाचे एकच अक्षर बदलते. ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन येते, पण संदेश शेवटपर्यंत वाचता येतो. म्हणून पेशी तो ठेवते आणि सदोष हिमोग्लोबिन तयार होते. बीटा थॅलेसेमिया या हिमोग्लोबिनच्याच दुसऱ्या आनुवंशिक आजाराचे तसे नाही. भारतात आढळणाऱ्या त्याच्या एका प्रकारात चार अक्षरे गळतात, त्यामुळे पुढचे सगळे वाचन सरकते आणि ‘थांबा’ ही खूण मध्येच येते. संदेश वाचून प्रथिन बनवणारा रायबोसोम तिथे अडतो. संदेशाचे तुकडे जिथे जोडले जातात, तिथे खूण म्हणून प्रथिने बसतात आणि एरवी रायबोसोम वाचता वाचता ती काढून टाकतो; इथे मात्र पुढची प्रथिने अजून चिकटलेलीच असतात. त्यावरून चूक ओळखून पेशी तो संदेशच मोडून टाकते.

गैरसमज ४ : सोल्युबिलिटी चाचणी निगेटिव्ह आली, म्हणजे काळजी मिटली.
वस्तुस्थिती : ही चाचणी फक्त सिकल हिमोग्लोबिन शोधते. थॅलेसेमियाच्या वाहकात ते नसतेच, म्हणून तो तिच्यातून सुटतो. जोडीदार सिकलसेलचा वाहक असेल, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला दोन्ही दोष मिळण्याची शक्यता २५ टक्के असते आणि आजार गंभीर ठरू शकतो. दोन्ही दोष एचपीएलसी या, हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणाऱ्या, रक्ततपासणीत कळतात. लग्नाआधी, निदान गरोदरपणाच्या सुरुवातीला, दोघांनीही ती करून घ्यावी.