मुभेची वाट

केरी परगण्यातले कॅरनटूल हे आयर्लंडमधले सर्वांत उंच शिखर. उंची सुमारे 1,039 मीटर, आणि मालकी खासगी. मॅकगिलीकडीज रीक्स या रांगेचा बराचसा भाग तिथल्या शेतकरी कुटुंबांच्या नावावर आहे, वर त्यांच्या मेंढ्या चरतात. दर वर्षी हजारो माणसे हा डोंगर चढतात. त्यांच्याकडे कोणी तिकीट मागत नाही की परवाना. उद्या मालकाने फाटकाला कुलूप घातले, तर मात्र चढणाऱ्याच्या हातात फारसे काही उरत नाही. राष्ट्रीय उद्याने आणि सरकारी वनसंस्थेची जंगले सोडली, तर देशभरातले डोंगर, पीटची ओली माळराने आणि समुद्रकड्यांचे माथे बहुतांशी खासगी किंवा सामायिक मालकीचे आहेत. भरतीच्या रेषेखालची जमीन साधारणपणे सरकारची आणि वरचा कडा शेतकऱ्याचा, अशी ही वाटणी आहे. त्या कड्यावरून चालणारा हक्काने चालत नाही, मुभेवर चालतो. माझे म्हणणे असे, की ही मुभा तिच्या टीकाकारांना वाटते तितकी दुबळी नाही आणि तिचे गोडवे गाणाऱ्यांना वाटते तितकी भक्कमही नाही. तिला मजुरी, विमा आणि देखभाल यांचा आधार मिळाला तिथे ती टिकली. नुसत्या चांगुलपणावर सोडली तिथे पहिल्या अपघातात किंवा पहिल्या मालकबदलात ती डळमळली.

ही व्यवस्था समजायची तर जमिनीचा इतिहास पाहावा लागतो. एकोणिसाव्या शतकात आयरिश शेतकरी आपल्याच गावात कूळ होता. 1845 नंतरच्या बटाट्याच्या दुष्काळाने आणि त्यासोबतच्या बेदखल्यांनी गावेच्या गावे ओस पडली. 1879 मध्ये मेयो परगण्यात मायकेल डेव्हिटच्या पुढाकाराने लँड लीग उभी राहिली. पुढच्याच वर्षी त्याच परगण्यात कॅप्टन बॉयकॉट नावाच्या इस्टेट-कारभाऱ्याशी गावाने बोलणेचालणे, देणेघेणे बंद केले आणि बहिष्काराला जगभर वापरला जाणारा इंग्रजी शब्द मिळाला. 1903 च्या विंडहॅम कायद्याने सरकारी कर्ज घेऊन जमीनदाराकडून जमीन विकत घेण्याची सोय झाली, आणि कुळांची मुले मालक झाली. चार-दोन पिढ्यांपूर्वी अशा रीतीने हाती आलेल्या जमिनीवर परक्याचा ‘हक्क’ मान्य करा म्हटले, की शेतकरी का बिचकतो, हे यावरून कळते. ‘या, चाला’ म्हणायला त्याची हरकत नसते. ‘आम्ही येणारच’ हे मात्र त्याला ऐकवत नाही.

जुन्या वाटाही अशाच तोंडी समजुतीवर चालत असत. प्रार्थनेला जायची पायवाट, पीट आणायची वाट, शेतात घालायला समुद्रशेवाळ वाहून आणायची कड्यावरची उतरण, या सगळ्या कोणाच्या ना कोणाच्या वावरातून जात आणि जाणारा शेजारी असे. आज पाठीवर पिशवी घेऊन गडग्यापाशी उभा राहणारा माणूस अनोळखी असतो. त्याच्यासोबत कुत्रा असला तर विणीच्या मेंढ्यांचे काय होईल, तो पडला तर भरपाई कोण देईल, हे प्रश्न शेजाऱ्याच्या बाबतीत मनातही येत नव्हते. वाट तीच राहिली आणि वापरणारा बदलला, हे मुभेपुढचे खरे संकट आहे.

भरपाईच्या प्रश्नाला 1995 च्या कायद्याने उत्तर द्यायचा प्रयत्न केला. फिरायला, खेळायला फुकट येणाऱ्यांचा एक वेगळा वर्ग त्याने केला. मालकाने अशा माणसाला मुद्दाम इजा करू नये आणि त्याच्या जिवाबाबत बेफिकीर राहू नये, इतकीच जबाबदारी ठेवली. मात्र चालणाऱ्यांसाठी म्हणून काही बांधले असेल, तर ते सुस्थितीत राखण्याची काळजी घ्यावी लागते. ही मेख विक्लोच्या डोंगरात उघडी पडली. विक्लो वे ही देशातली पहिली खुणा लावलेली दीर्घ पायवाट. 1966 मध्ये जे. बी. मलोन यांनी ती सुचवली आणि तिचा पहिला टप्पा 1980 मध्ये खुला झाला. जाऊस डोंगराच्या अंगाने जाताना खाली पीटचा चिखल असल्याने रेल्वेचे जुने लाकडी स्लीपर जोडून तिथे फळीवाट केली होती, आणि पाय घसरू नये म्हणून त्यावर तारेची जाळी ठोकली होती. एका स्लीपरच्या झिजलेल्या खळग्यात पाय अडकून एक महिला पडली आणि गुडघ्याला टाके पडले. 2016 मध्ये कनिष्ठ न्यायालयाने तिला 40,000 युरो मंजूर केले, तेव्हा देशभरच्या जमीनमालकांत घबराट पसरली. 2017 मध्ये उच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. डोंगरात चालणाऱ्याने पायाखाली पाहावे आणि नाजूक भूमी वाचवणाऱ्या अशा फळीवाटेची सामाजिक उपयुक्तताही ध्यानात घ्यावी, असा त्याचा रोख होता. निकाल समंजस होता, पण तोवर गेलेल्या महिन्यांत मालकांनी एक धडा घेतला होता: काही न बांधणारा सुरक्षित, बांधणारा अडचणीत. मुभेला याहून मोठा धोका कुठला?

दुसरा धडा लिसाडेलचा. कवी येट्सच्या सहवासामुळे प्रसिद्ध झालेल्या, स्लायगो परगण्यातल्या या वाड्याच्या आवारातून लोक पिढ्यान्‌पिढ्या समुद्राकडे जात. मालक बदलले आणि वाटांचा वाद न्यायालयात गेला. उच्च न्यायालयाने 2010 मध्ये वाटा सार्वजनिक ठरवल्या, तर 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका वाटेचा अपवाद वगळता तो निकाल बदलला. आधीच्या मालकांनी लोकांना जाऊ दिले म्हणजे वाट लोकांना देऊन टाकली असे होत नाही, हे त्यातून स्पष्ट झाले. चांगुलपणाची वर्षे कितीही साठली तरी त्यांचा हक्क बनत नाही. कायद्याच्या दृष्टीने हे योग्यच आहे. नाहीतर प्रत्येक मालक पहिल्याच दिवशी कुंपण घालील.

मग मुभा टिकते कशाने? 2008 पासून सरकारची एक योजना आहे. तिच्यात ठरलेल्या वाटांवरचे शेतमालक रान छाटतात, पाण्याला चर काढून देतात, कुंपणावर चढायच्या लाकडी पायऱ्या दुरुस्त करतात आणि त्या कामाची मजुरी घेतात. अशा वाटांसाठी विम्याचे छत्रही असते. काळ्या खांबावरची चालत्या माणसाची पिवळी आकृती आणि बाण पाहून पर्यटकाला वाटते, की ही सरकारी वाट आहे. प्रत्यक्षात त्या खांबामागे मालकाची संमती असते. पश्चिम कॉर्कमधल्या शीप्स हेड या चिंचोळ्या भूशिराभोवतीची वाट तर या योजनेच्याही आधी, 1996 मध्ये, गावकऱ्यांनी शेतमालकांची संमती मिळवून उभी केली. एका बाजूला बँट्रीचा उपसागर, दुसऱ्या बाजूला डनमॅनसचा, मधे कोणाची तरी मेंढरे आणि कोणाचे तरी फाटक, असे चालताना दर फर्लांगाला मालक बदलतो आणि चालणाऱ्याला ते जाणवतही नाही.

यावर पहिला आक्षेप असा, की स्कॉटलंडने 2003 च्या कायद्याने जवळजवळ सर्व जमिनीवर जबाबदारीने फिरण्याचा हक्क दिला, इंग्लंड-वेल्सने 2000 च्या कायद्याने डोंगर आणि माळराने खुली केली, मग आयर्लंडनेच संमती का मागत बसावे? आक्षेप वजनदार आहे. पण स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात प्रचंड जमीन मोजक्या इस्टेटींकडे आहे. तिथला हक्क मोठ्या जमीनदाराकडून सामान्यांकडे येतो. आयर्लंडमध्ये तोच हक्क लहान शेतकऱ्याकडून शहरी पाहुण्याकडे जाईल, आणि डोंगराळ गावात त्याकडे सुधारणा म्हणून नव्हे, जप्ती म्हणून पाहिले जाईल. तरी आक्षेपातला एक भाग मान्य करावाच लागतो. सार्वजनिक पैशाने बांधलेली वाट एका मालकाच्या मर्जीने तुटू नये. ज्या वाटांवर सरकार खर्च करते तिथे तरी दीर्घ मुदतीचा लेखी करार, आणि जमीन विकली तरी नव्या मालकाला बांधील राहील अशी अट हवी.

दुसरा आक्षेप उलट बाजूचा: पैसे दिले की चांगुलपणाचा बाजार होतो. पण इथे पैसा प्रवेशाचा नाही, कामाचा आहे. पाहुण्यांच्या पावलांनी झालेला चिखल शेतकऱ्याने फुकट निस्तरावा ही अपेक्षाच मुळात एकतर्फी आहे. पर्यटनाचा नफा हॉटेलाला आणि चिखल शेतकऱ्याला, अशी वाटणी फार काळ चालत नाही. 2014 मध्ये पश्चिम किनाऱ्यावर सुमारे 2,500 किलोमीटरचा ‘वाइल्ड अटलांटिक वे’ जाहीर झाला. तो मोटारमार्ग आहे, पण मोटारीतून उतरलेली माणसे शेवटी कड्यापर्यंत पायीच जातात.

त्याचा भार मोहरच्या कड्यांवर दिसतो. क्लेअर परगण्यातले हे कडे 214 मीटरपर्यंत उंच आहेत. वाळूचा खडक आणि शेल यांचे थर, खालून लाटा पोखरतात आणि वरून पाणी मुरते. लिस्कॅनर ते डूलिन ही माथ्यावरची वाट 2013 मध्ये शेतमालकांच्या सहकार्याने खुली झाली. गर्दी वाढली, लोक आखलेली वाट सोडून कडेला जाऊ लागले, जीव गेले, आणि 2024 मध्ये तिचे मोठे भाग बंद करावे लागले. डब्लिनजवळची ब्रे ते ग्रेस्टोन्स ही रेल्वेच्या काळातली कडावाटही दरडींमुळे बंद झाली. इथे कोणी म्हणेल, की हक्क असता तर वाट बंद झाली नसती. पण ढासळता कडा हक्क जाणत नाही. कडा मागे सरला की वाटही मागे, म्हणजे शेतात, सरकवावी लागते, आणि त्यासाठी पुन्हा शेतकऱ्याकडेच जावे लागते.

मेयोमधल्या 764 मीटरच्या क्रो पॅट्रिकवर जुलैच्या शेवटच्या रविवारी हजारो भाविक चढतात, काही अनवाणी. त्या पावलांनी डोंगराची पाठ सोलवटली, घसरड्या दगडगोट्यांचा पट्टा रुंदावत गेला. चालणाऱ्याची श्रद्धा कितीही खरी असली तरी डोंगर झिजतोच. अलीकडच्या वर्षांत तिथे कारागिरांनी डोंगरावरचाच दगड हाताने रचून वाट बांधून काढली. आयर्लंडमध्ये हक्क आणि मुभा यांचा वाद अजून बराच काळ चालेल. तोवर वाटा टिकतील त्या असा दगड रचणाऱ्यांमुळे, आणि त्यांची मजुरी कोणीतरी वेळेवर दिल्यामुळे.