केमोची तारीख

कर्करोगाचे उपचार चालू असलेल्या घरात फाईल कुठे ठेवली आहे, हे शेंबडं पोरही सांगतं. बायोप्सीचा अहवाल, स्कॅनची पाकिटं, रक्ताचे रिपोर्ट आणि सगळ्यात वर पुढच्या केमोच्या तारखेचा कागद. भाचीचं लग्न, पेरणी, मुलाची परीक्षा, सगळं त्या तारखेच्या मागेपुढे बसवलं जातं. मार्च २०२० मध्ये या तारखा जिथल्या तिथे होत्या आणि तिथवर नेणारी रेल्वे बंद झाली. २२ तारखेला प्रवासी गाड्या थांबल्या, २४ च्या मध्यरात्रीपासून टाळेबंदी लागली.

परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात देशाच्या कानाकोपऱ्यातून माणसं येतात. कुणी नातेवाइकांकडे उतरतं, कुणी दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत, कुणी रुग्णालयाबाहेरच्या फुटपाथवर. टाळेबंदीत यातले बरेच जण मुंबईत अडकले. जे मधल्या सुट्टीत गावी गेले होते, ते तिकडे अडकले. ‘सगळं सुरळीत झालं की येऊ’ असं अनेक घरांत ठरलं. करोना विषाणूच्या भीतीपुढे ते शहाणपणाचंच वाटत होतं.

ही तारीख येते कुठून, ते आधी पाहू. केमोची औषधं भराभर विभागणाऱ्या पेशींवर घाव घालतात. कर्कपेशी तशा असतात, आणि आपल्या हाडांच्या मगजातल्या, रक्त तयार करणाऱ्या पेशीही तशाच असतात. त्यामुळे औषध गेल्यावर पांढऱ्या पेशी उतरू लागतात. बऱ्याच औषधांच्या बाबतीत दहाव्या ते चौदाव्या दिवशी त्या तळाला पोचतात, पेशंटच्या भाषेत ‘काउंट पडतात’. मग मगज सावरतो आणि तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी काउंट पुन्हा वर आलेले असतात. म्हणून अनेक केमो दर २१ दिवसांनी असतात. त्याहून लवकर दिली तर शरीराला ती झेपत नाही. उशीर केला तर मगजाबरोबर गाठही सावरते.

रेडिएशनचं, म्हणजे लोक ज्याला ‘लाईट घेणं’ म्हणतात त्याचं, वेळापत्रक आणखी कडक. तोंडाच्या किंवा घशाच्या कर्करोगात आठवड्याचे पाच दिवस, सहा-सात आठवडे रोज जावं लागतं. चार आठवड्यांच्या आसपास उरलेल्या कर्कपेशी जास्तच वेगाने विभागू लागतात. त्यांना वाढायला उसंत मिळू नये म्हणून खंड टाळायचा असतो. अशा उपचारात फुकट गेलेला प्रत्येक दिवस रोग आटोक्यात येण्याची शक्यता साधारण एक टक्क्याने कमी करतो, असा या क्षेत्रातला जुना हिशेब आहे. गावाकडे दोन आठवडे अडकून पडलेल्या माणसाने काय गमावलं, ते यावरून कळतं. त्या काळात त्याला ‘घरी सुरक्षित रहा’ एवढाच सल्ला सगळीकडून मिळत होता.

भीतीला आधार नव्हता असं नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये चीनमधून पहिली आकडेवारी आली. कर्करोग असलेल्यांना करोना झाला तर तो जास्त गंभीर होतो, असं तिचं म्हणणं होतं. पण १,५९० रुग्णांच्या त्या पाहणीत कर्करोगाचे रुग्ण होते अवघे १८. एवढ्याशा आकड्याच्या जोरावर जगभर उपचार पुढे ढकलण्याचा विचार सुरू झाला. मे महिन्यात ब्रिटनमधून कर्करोग आणि करोना दोन्ही असलेल्या ८०० रुग्णांचा अभ्यास आला. त्यातले २८ टक्के रुग्ण दगावले होते, हे प्रमाण भयंकरच. मात्र आधीच्या चार आठवड्यांत केमो घेतलेल्या आणि न घेतलेल्या रुग्णांच्या मृत्यूच्या धोक्यात लक्षणीय फरक सापडला नाही. धोका ठरत होता तो वयावरून, पुरुष असण्यावरून, रक्तदाबासारख्या जोडीच्या आजारांवरून. रक्ताच्या कर्करोगाच्या रुग्णांना जास्त जपावं लागतं, हेही पुढे स्पष्ट झालं. पण सरसकट सगळ्यांची केमो थांबवावी याला आधार उरला नाही.

टाटा मेमोरियलने त्या अभ्यासाची वाट पाहिली नव्हती. डॉ. राजेंद्र बडवे आणि डॉ. सी. एस. प्रमेश यांच्या नेतृत्वाखाली तिथे उपचार चालू ठेवायचे असं ठरलं. २३ मार्च ते ३० एप्रिल २०२० या काळात, मुंबईत साथ वाढत असताना, तिथे कर्करोगाच्या ४९४ नियोजित शस्त्रक्रिया झाल्या. सहा रुग्णांना शस्त्रक्रियेनंतर करोना झाला. एकही रुग्ण शस्त्रक्रियेनंतर दगावला नाही. त्या दिवसांत चाचणीसुद्धा सहज मिळत नव्हती, हे लक्षात घेतलं तर तिथल्या परिचारिका, भूलतज्ज्ञ आणि सफाई कामगारांच्या धैर्यापुढे मी नतमस्तक होतो.

पण रुग्णालय उघडं असून भागत नाही, तिथे पोचता यावं लागतं. नॅशनल कॅन्सर ग्रिड या कर्करोग रुग्णालयांच्या जाळ्यातल्या ४१ केंद्रांनी मार्च ते मे २०२० ची आकडेवारी आदल्या वर्षीच्या त्याच तीन महिन्यांशी ताडून पाहिली. २०१९ मध्ये १,१२,२७० नवे रुग्ण नोंदले गेले होते, २०२० मध्ये ५१,७६०. मोठ्या शस्त्रक्रिया ४९ टक्क्यांनी घटल्या, बाह्यरुग्ण केमो ३७ टक्क्यांनी. महानगरांतल्या केंद्रांना हा फटका लहान शहरांपेक्षा जास्त बसला. मला यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच वाटते. लांबून येणाऱ्यांवर चालणारी मोठी रुग्णालयं रेल्वे थांबताच रिकामी झाली. बार्शीसारख्या ठिकाणी कर्करोग रुग्णालय असण्याची किंमत अशा वेळी कळते.

नोंदच न झालेल्या त्या ६० हजारांहून जास्त माणसांचा कर्करोग कुठे गेला नव्हता. तो घरीच वाढत होता. नोव्हेंबर २०२० मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने ३४ अभ्यास एकत्र करून काढलेला निष्कर्ष छापला: शस्त्रक्रियेला चार आठवडे उशीर झाला तर मृत्यूचा धोका सहा ते आठ टक्क्यांनी वाढतो.

आता तापाचं बघा. काउंट पडलेले असताना १००.४ अंश फॅरनहाइटच्या वर ताप आला, तर कर्करोगतज्ज्ञांच्या लेखी ती आणीबाणी. तासाभरात शिरेतून प्रतिजैविक सुरू व्हायला हवं, कारण जंतूंशी लढणाऱ्या पेशीच शिल्लक नसतात. साथीच्या काळात मात्र ताप म्हणजे आधी करोनाचा संशय. केमोच्या बाराव्या दिवशी ताप घेऊन आलेल्या बाईला गेटवरच थांबवलं, स्वॅबच्या अहवालाची वाट पाहायला लावली, तर ती करोना नसतानाही जीव गमावू शकते. म्हणून ताप आलेल्या केमोच्या रुग्णाला वेगळ्या खोलीत घेऊन, अहवाल येण्याआधीच प्रतिजैविक सुरू करणं एवढाच बरोबर मार्ग होता.

२५ मार्च २०२० रोजी सरकारने डॉक्टरांनी दूरध्वनीवरून सल्ला देण्याचे नियम जाहीर केले. त्यांचा लाखो लोकांना उपयोग झाला. पण आपल्याकडे तोंडाच्या कर्करोगाचं प्रमाण मोठं आहे. जिभेचा भाग काढलेला, स्वरयंत्र गमावलेला माणूस फोनवर काय सांगणार? दुसरी अडचण त्याहून वेदनादायक. त्या नियमांत अंमली पदार्थविरोधी कायद्याखालची औषधं फोनवरून लिहून द्यायला मनाई होती, आणि मॉर्फीन त्यातलंच. हाडांत पसरलेल्या कर्करोगाची कळ ज्या औषधाने थांबते, तेच तेवढं फोनवर मिळणार नव्हतं. गैरवापराची भीती मला कळते. पण टाळेबंदीत नियमित मॉर्फीन घेणाऱ्या, नोंद असलेल्या रुग्णाला सवलत द्यायला हवी होती, हे माझं ठाम मत आहे.

आणि एकटेपण. आपल्याकडे पेशंट कधी एकटा रुग्णालयात जात नाही. बहीण डबा आणते, जावई रांगेत उभा राहतो, शेजारच्या काकू केस गळलेल्या डोक्याला बांधायला मऊ पंचा देतात. साथीत सोबतीला एकच माणूस, पुष्कळदा तोही दाराबाहेर. ‘रोग पसरला आहे’ हे वाक्य पेशंटने मुखपट्टी आणि प्लास्टिकच्या पडद्याआडून, नीट न दिसणाऱ्या चेहऱ्याकडून ऐकलं. खांद्यावर हात ठेवणं हाही संसर्गाचा धोका ठरला होता. ज्यांच्याकडे मोजके महिने उरले होते, त्यांचे तेच महिने नातवंडांपासून लांब गेले. याची भरपाई कुठल्याही आकडेवारीत नाही.

त्या काळाने काही दिलंही. एप्रिल २०२० मध्ये ब्रिटनमधल्या ४,०९६ रुग्णांच्या चाचणीचे निष्कर्ष आले: स्तनाच्या कर्करोगात शस्त्रक्रियेनंतर तीन आठवड्यांत १५ वेळा दिलं जाणारं रेडिएशन एका आठवड्यात पाच वेळा देऊनही रोग परतण्याचं प्रमाण वाढत नाही. गर्दी टाळायची होती म्हणून डॉक्टरांनी ते झपाट्याने स्वीकारलं. गावाहून येणाऱ्या बाईचे दोन आठवडे, तेवढं भाडं आणि तेवढी मजुरी वाचली.

पुढची साथ कधी येईल ते ठाऊक नाही. पूर किंवा संप तर दरवर्षीचाच. तुमच्या घरी कर्करोगाचे उपचार चालू असतील तर एक काम आजच करा. रोगाचं नेमकं नाव आणि टप्पा, औषधांची नावं व मात्रा, आजवर किती केमो झाल्या, शेवटची कधी झाली, असा एका पानाचा गोषवारा तुमच्या डॉक्टरांकडून लिहून घ्या. त्याचा फोटो घरातल्या दोघातिघांच्या मोबाइलमध्ये ठेवा. रस्ता बंद झाला, तर जवळच्या जिल्ह्याच्या रुग्णालयातल्या डॉक्टरांना तुमची पुढची केमो तारखेला देण्यासाठी ते पान लागणार आहे.