गिटलॅबचा ३०० जीबी डेटा उडाला, वाचवलं ते ६ तास जुन्या स्नॅपशॉटनं. पण स्नॅपशॉट 'रिफ्रेश' करणं म्हणजे काय असतं?

तारीख ३१ जानेवारी २०१७. जगभरातले प्रोग्रॅमर आपला कोड ज्या गिटलॅब डॉट कॉमवर ठेवतात, तिथला एक इंजिनिअर रात्री उशिरा डेटाबेसचं दुखणं निस्तरत बसला होता. दोन सर्व्हर होते, एक मुख्य आणि एक त्याची जुळी कॉपी. कॉपी बिघडली म्हणून तिच्यातलं फोल्डर रिकामं करायचं ठरलं. त्यानं डिलीटची कमांड मारली आणि एक-दोन सेकंदांत त्याच्या लक्षात आलं, की आपण मुख्य सर्व्हरवर आहोत.

कमांड थांबवली, पण तोवर साधारण ३०० जीबीपैकी फक्त साडेचार जीबी उरला होता.

बॅकअप होता की? कागदावर होता, तोही पाच-पाच प्रकारचा. प्रत्यक्षात रोजचा बॅकअप कित्येक दिवस फेल जात होता, कारण डेटाबेसचं व्हर्जन ९.६ आणि बॅकअपचं टूल ९.२ चं. फेल झाल्याचे ईमेलही पोचत नव्हते. शेवटी कामी आला तो एक स्नॅपशॉट. तोही बॅकअप म्हणून घेतलेला नव्हता. त्याच इंजिनिअरला टेस्टिंगसाठी ताजा डेटा हवा होता, म्हणून त्यानं साधारण सहा तास आधी हातानं स्नॅपशॉट घेऊन टेस्टिंगचा सर्व्हर रिफ्रेश केला होता. नेहमीचा स्नॅपशॉट २४ तासांतून एकदाच व्हायचा.

आता विषय असाय, की स्नॅपशॉट म्हणजे फोटो काढल्यासारखी अख्खी कॉपी, असं आपल्याला वाटतं. तसं नसतं.

समजा, किराणा दुकानात ५०० पानांची उधारीची वही आहे. मालकाला संध्याकाळी सातची स्थिती जपून ठेवायचीय. ५०० पानं झेरॉक्स करत बसलं तर दुकान बंद ठेवावं लागेल. म्हणून तो पोराला सांगतो, "सातनंतर ज्या पानावर काही खोडायचं-लिहायचं असेल, त्या पानाची आधी झेरॉक्स काढ, फाईलला लाव आणि मग लिही." नंतर कुणी सातचा हिशोब विचारला, तर बदललेली पानं फाईलमधून बघायची आणि न बदललेली थेट वहीतून.

स्नॅपशॉटची ही जुनी आणि सगळ्यात सोपी पद्धत. म्हणूनच कित्येक टीबींचा स्नॅपशॉट काही सेकंदांत होतो आणि सुरुवातीला जागाही जवळपास खात नाही. पण यातच मेख आहे. वहीच जळाली तर फाईलमधल्या चार पानांचा उपयोग शून्य. त्याच मशीनवरच्या स्नॅपशॉटला बॅकअप समजू नका असं जाणकार सांगतात, ते यासाठीच. गिटलॅबचं नशीब एवढंच, की त्यांच्या स्नॅपशॉटमधला डेटा वेगळ्या टेस्टिंग सर्व्हरवर उतरवलेला होता.

गिटलॅबनं हे लिनक्समधल्या एलव्हीएम नावाच्या सॉफ्टवेअरनं केलं होतं. बँका, टेलिकॉम कंपन्या, मोठी हॉस्पिटलं यांच्याकडे हेच काम स्टोरेज ॲरे करतो. ॲरे म्हणजे डेटा सेंटरमधलं डिस्कनं भरलेलं कपाट. त्यातल्या जागेचे तुकडे पाडून वेगवेगळ्या सर्व्हरना दिलेले असतात, त्या तुकड्याला व्हॉल्यूम म्हणतात.

मग रिफ्रेश म्हणजे काय? वहीच्या भाषेत सांगायचं, तर फाईलमधली झेरॉक्स पानं फेकून द्यायची आणि 'आत्तापासून पुन्हा सुरू' म्हणायचं. टेस्टिंगवाल्यांना कालचा नाही, आजचा डेटा हवा असतो. रिपोर्टवाल्यांना रोज सकाळी ताजा आकडा हवा असतो. दरवेळी जुना स्नॅपशॉट काढून नवीन बनवला, तर सर्व्हरला नवी डिस्क पुन्हा ओळखून द्यावी लागते. रिफ्रेशमध्ये नाव-पत्ता तोच राहतो, आतला माल बदलतो.

एचपीईच्या थ्रीपार ॲरेवर यासाठी 'अपडेटव्हीव्ही' अशी कमांड आहे. स्नॅपशॉट पहिल्यांदा बनवायचा तो 'क्रिएटएसव्ही'नं, आणि नंतर ताजा करायचा तो अपडेटव्हीव्हीनं. माऊसनं क्लिक करूनही होतं हे सगळं. पण रात्री दोन वाजता, वीस व्हॉल्यूमवर, रोज न चुकता करायचं म्हणजे कमांड स्क्रिप्टमध्ये टाकून वेळ लावून देणंच परवडतं.

पण एक कमांड मारली आणि संपलं, असं नाहीये. आधी टेस्ट सर्व्हरवरचं ॲप्लिकेशन बंद करायचं, मग डिस्क अनमाऊंट करायची, त्यानंतर रिफ्रेश, आणि मग पुन्हा माऊंट. हा क्रम मोडला तर काय होतं? डिस्कवर काय कुठे आहे याची काही माहिती सर्व्हरनं मेमरीत धरून ठेवलेली असते. खालून डिस्कच बदलली, तरी तो जुन्याच आठवणीवर लिहीत सुटतो आणि फाईल सिस्टिमचा चुथडा होतो.

दुसरी भानगड मूळ बाजूची. डेटाबेसचा डेटा एका व्हॉल्यूमवर आणि लॉग दुसऱ्यावर असेल, तर दोन्हींचे स्नॅपशॉट एकाच क्षणाचे लागतात. पाच सेकंदांचा फरक पडला, तरी लॉगमध्ये नोंद आहे पण डेटात नाही, किंवा डेटात आहे पण लॉगमध्ये नाही, अशी गत होते. म्हणून ॲरेमध्ये अशा व्हॉल्यूमचा गट बांधून सगळ्यांचा स्नॅपशॉट एकदम घ्यायची सोय असते.

आणि सगळ्यात घाम फोडणारी गोष्ट म्हणजे दिशा. अपडेटव्हीव्ही मूळ डेटाकडून स्नॅपशॉटकडे जाते. थ्रीपारवरच 'प्रमोटएसव्ही' नावाची कमांड आहे, ती बरोबर उलटी, म्हणजे स्नॅपशॉटमधला जुना डेटा मूळ व्हॉल्यूमवर आणते. संकटात हीच कमांड तारते. पण रिफ्रेशच्या जागी चुकून ही चालली, तर आजचा धंदा कालच्या तारखेला जाऊन बसतो. त्यात स्क्रिप्ट मध्येच अडू नये म्हणून 'नक्की करू का?' हा प्रश्नच बंद करणारा पर्याय लावलेला असतो. मशीन विचारत नाही, करून मोकळं होतं.

बरं, दिशा बरोबर असली तरी वेळ चुकू शकते. समजा एक वाजता मूळ डेटात कुणीतरी घोळ घातला आणि दोन वाजता ठरल्याप्रमाणे रिफ्रेश झालं. म्हणजे शेवटची चांगली प्रत आपल्याच स्क्रिप्टनं पुसली. म्हणून शहाणे लोक एकाच स्नॅपशॉटवर विसंबत नाहीत. टेस्टिंगचा वेगळा, आणि ज्याला कुणी हात लावायचा नाही असा वेगळा.

यात तुमचा-आमचा संबंध कुठे? तर टेस्टिंगला जो 'ताजा डेटा' जातो, त्यात खऱ्या ग्राहकांची नावं, मोबाईल नंबर, पत्ते असतात. ते झाकायचं काम, म्हणजे मास्किंग, एकदा करून भागत नाही. प्रत्येक रिफ्रेशनंतर खरा डेटा पुन्हा येतो, त्यामुळं दरवेळी नव्यानं करावं लागतं. ते राहिलं, तर टेस्टिंगचे मेसेज खऱ्या माणसांच्या मोबाईलवर जाऊन धडकू शकतात.

गिटलॅबचं पुढं काय झालं? टेस्टिंगच्या सर्व्हरवरून डेटा परत आणायला सुमारे १८ तास लागले, कारण तिथल्या डिस्क स्लो होत्या. हे सगळं त्यांनी यूट्यूबवर लाईव्ह दाखवलं. लोकांचा कोड सुरक्षित राहिला, पण मधल्या सहा तासांतले अंदाजे ५ हजार प्रोजेक्ट, ५ हजार कमेंट आणि ७०० नवे युजर यांच्या नोंदी गेल्या त्या गेल्याच. नेहमीच्या २४ तासांच्या स्नॅपशॉटवरच भिस्त असती, तर हा आकडा आणखी मोठा असता.

त्यानंतरच्या कामांच्या यादीत डेटाबेसचा स्नॅपशॉट दर तासाला घ्यायचं आलं. आणि अजून एक साधी गोष्ट आली. आपण कुठल्या सर्व्हरवर आहोत हे कमांड टाईप करतानाच दिसावं, म्हणून स्क्रीनवरच्या प्रॉम्प्टचा रंग बदलायचा. खऱ्या सर्व्हरला लाल, टेस्टिंगला पिवळा.